आर्ची यांचा १९४२ चा शोधनिबंध आणि सायटेशनचा हिशेब

खडकवेडा (धागाकर्ता)

पेट्रोलियम अभियांत्रिकीतल्या संशोधकाचे काम किती मोलाचे, हे त्याच्या शोधनिबंधांच्या संख्येवरून आणि त्यांना मिळालेल्या सायटेशनवरून, म्हणजे इतर लेखांनी दिलेल्या संदर्भांवरून (उद्धरणांवरून), ठरवण्याची पद्धत आता निवड समित्यांपासून वर्तमानपत्रांतल्या बातम्यांपर्यंत सगळीकडे रुळली आहे. या विषयात ती नेमकी कुठे अडखळते हे पाहायचे असेल तर गस आर्ची यांच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. या मतावर जाणकारांचे म्हणणे ऐकावे म्हणून हा धागा काढत आहे.

आर्ची (१९०७–१९७८) हे शेल कंपनीतले अभियंते. त्यांचा गाजलेला लेख ऑक्टोबर १९४१ मध्ये डॅलसच्या बैठकीत मांडला गेला आणि अमेरिकेतील खाण व धातू अभियंत्यांच्या संस्थेच्या, म्हणजे एआयएमईच्या, ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या १४६ व्या खंडात १९४२ साली पृष्ठ ५४ ते ६२ वर छापला गेला. म्हणजे एकूण नऊ पाने. श्लुम्बर्जे बंधूंच्या कंपनीने ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सासमधील पेशेलब्रॉन येथे पहिला विद्युत लॉग, म्हणजे विहिरीत खोलीनुसार खडकाची रोधकता (विजेला होणारा विरोध) दाखवणारा आलेख, घेतला होता. त्यानंतरही कित्येक वर्षे लॉगचे वाचन बरेचसे नजरेने आणि अनुभवाने चालत असे. रोधकतेची रेषा जिथे उसळते तिथे तेल असण्याचा संभव आहे, इतके सांगता येई. खडकाच्या छिद्रांत तेल किती आणि पाणी किती, याचा आकडा मात्र निघत नसे.

आर्ची यांनी गल्फ कोस्टच्या वालुकाश्मांच्या आणि लुइझियानातील बेलव्ह्यू येथील नॅकाटोश वाळूच्या कोअर-नमुन्यांत, म्हणजे विहिरीतून कापून वर काढलेल्या खडकाच्या तुकड्यांत, खारे पाणी भरून त्यांची रोधकता मोजली. पाण्यातील मिठाचे प्रमाण लिटरला २०,००० ते १,००,००० मिलिग्रॅम आणि नमुन्यांची सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या छिद्रांचा वाटा, १० ते ४० टक्के, अशा पट्ट्यात ही मोजमापे आहेत. पाण्याने पूर्ण भरलेल्या खडकाच्या रोधकतेला त्या पाण्याच्या रोधकतेने भागले की येणारे गुणोत्तर म्हणजे फॉर्मेशन फॅक्टर, आणि ते सच्छिद्रतेच्या उणे ‘एम’ घाताइतके असते, असे त्यांनी दाखवले. घट्ट वालुकाश्मांत एम १.८ ते २.०, तर प्रयोगशाळेत भरलेल्या सुट्या वाळूत सुमारे १.३. तेल शिरल्यावर रोधकता किती पटींनी वाढते, या दुसऱ्या भागासाठी मात्र त्यांनी वायकॉफ आणि बॉटसेट, जेकॉस्की आणि हॉपर, लेव्हरेट अशा इतरांचे आधीच प्रसिद्ध झालेले प्रयोग एका आलेखावर आणले आणि तिथला घात, म्हणजे ‘एन’, २ च्या आसपास येतो हे सांगितले.

आता त्यांची प्रकाशनांची यादी पाहा. नेहमी उद्धृत होणारे लेख चारच आहेत. १९४२ चा हा लेख, कोअर-विश्लेषणावरचा १९४७ चा, पेट्रोफिजिक्स या खडकांच्या भौतिक गुणधर्मांच्या शाखेची ओळख करून देणारा १९५० चा आणि कार्बोनेट (चुनखडकासारख्या) खडकांच्या वर्गीकरणाचा १९५२ चा. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-इंडेक्स (निदान एच वेळा उद्धृत झालेले एच लेख असतील तर तो आकडा एच) हा लेखांच्या संख्येपेक्षा कधीच मोठा असू शकत नाही. त्यामुळे आज आर्ची यांनी एखाद्या सहयोगी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला, तर पहिल्याच चाळणीत ते गळण्याची शक्यता मोठी आहे. दुसरीकडे, जगात आज कुठेही विहिरीचा लॉग वाचला जातो तेव्हा त्यांचे समीकरण, निदान त्याचा एखादा सुधारलेला अवतार, संगणकात चालत असतो आणि त्या अहवालाखाली १९४२ च्या लेखाचा संदर्भ कुणीही देत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी नोंदवलेली स्थिती हीच आहे. एखादी कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिचा मूळ लेख उद्धृत करण्याची गरजच कुणाला वाटेनाशी होते.

पनवेलचा निवृत्त

धागाकर्त्यांनी सूत्र शब्दांत मांडले आहे. ते हातात घेतल्यावर काय होते, हे सांगतो, म्हणजे उपयोग आणि उद्धरण यांतले अंतर लक्षात येईल.

समजा सच्छिद्रता २० टक्के, खडकातल्या पाण्याची रोधकता ०.०५ ओहम-मीटर आणि लॉगवर वाचलेली रोधकता १० ओहम-मीटर आहे. एम आणि एन दोन्ही २ धरले तर फॉर्मेशन फॅक्टर २५ येतो, पाण्याने भरलेल्या खडकाची रोधकता १.२५ येते आणि त्यावरून पाण्याची संपृक्तता, म्हणजे छिद्रांतला पाण्याचा वाटा, सुमारे ३५ टक्के, म्हणजे तेल ६५ टक्के. आता बाकी सगळे तसेच ठेवून एम फक्त २.३ करा. फॉर्मेशन फॅक्टर ४० च्या वर जातो, पाणी ४५ टक्क्यांवर येते आणि तेल ५५ टक्क्यांवर उतरते. एका घातातल्या ०.३ च्या फरकाने साठ्यातले सुमारे १५ टक्के तेल कागदावरून नाहीसे होते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी नाही. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले आणि मे १९७६ पासून तिथून उत्पादन सुरू झाले. तिथला मुख्य साठा चुनखडकात आहे, वालुकाश्मात नाही. चुनखडकात सुट्या पोकळ्या असतात. त्या सच्छिद्रतेत भर घालतात, पण एकमेकींना जोडलेल्या नसल्या तर विजेच्या वाटेला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि एम २ च्या वर चढतो. म्हणून कोअर प्रयोगशाळेत पाठवून एम आणि एन मोजून घेणे, ते थराथरांत वेगळे ठेवणे आणि त्यावर भूशास्त्रज्ञांशी वाद घालणे हे आमच्या कामाचे रोजचे अंग होते. १९५२ च्या लेखात आर्ची यांनी कार्बोनेट खडकांचे पोत आणि छिद्रांचे आकार यांवरून वर्गीकरण केले आहे. माझ्या मते त्याचा उपयोग १९४२ च्या लेखाइतकाच झाला, पण त्याचे नाव फार थोड्या लोकांच्या तोंडी आहे.

आमच्या अहवालांत हे सगळे असे. ते अहवाल गोपनीय असतात. त्यांना कोणताही डेटाबेस मोजत नाही, आणि मोजण्याचे कारणही नाही.

ग्रंथालयातून

मी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे, म्हणून मोजणीच्या बाजूने लिहितो. या विषयातले जुने लेख शोधणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. आर्ची यांचा लेख एसपीई या पेट्रोलियम अभियंत्यांच्या संस्थेच्या वनपेट्रो या ऑनलाइन संग्रहात ९४२०५४-जी या क्रमांकाने आहे. यातले ९४२ हे साल आणि ०५४ हे पृष्ठ. पण एसपीईची स्थापना १९५७ ची. लेख निघाला तेव्हा तो एआयएमईच्या नावावर होता आणि ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये येण्यापूर्वी जानेवारी १९४२ मध्ये ‘पेट्रोलियम टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकातही आला होता. त्यामुळे कुणी एक नाव लिहितो, कुणी दुसरे, कुणी नुसता खंड आणि पृष्ठ देतो, आणि एकाच लेखाच्या नोंदी तीन-चार ठिकाणी फुटतात. गूगल स्कॉलर त्या एकत्र करण्याचा प्रयत्न करते. इतर डेटाबेसमध्ये त्या हाताने जोडाव्या लागतात.

त्यात स्कोपस या उद्धरणे मोजणाऱ्या डेटाबेसमधील संदर्भयाद्या साधारणपणे १९७० नंतरच्या लेखांच्या आहेत. म्हणजे १९४२ ते १९७० या काळात आर्ची यांना जे उद्धृत केले गेले, त्यातला मोठा भाग त्या आकड्यात येतच नाही, आणि नेमक्या त्याच काळात हे समीकरण प्रयोगशाळेतून विहिरीपर्यंत पोहोचले. शिवाय पेट्रोलियम अभियांत्रिकीतले कितीतरी काम परिषदांच्या पेपरांत राहते. अभियंता कंपनीची परवानगी मिळवून एका परिषदेत पेपर वाचतो आणि पुढच्या विहिरीकडे वळतो. त्याचा नियतकालिकातला लेख कधीच होत नाही. परिषदांचे पेपर कोणता डेटाबेस किती धरतो यावर त्याच माणसाचा एच-इंडेक्स बदलतो.

नियतकालिकांचे नावही स्थिर राहत नाही. ‘जर्नल ऑफ पेट्रोलियम सायन्स अँड इंजिनिअरिंग’ हे १९८७ पासूनचे नियतकालिक २०२३ मध्ये ‘जिओएनर्जी सायन्स अँड इंजिनिअरिंग’ झाले. ज्यांनी आयुष्यभर तिथे लिहिले, त्यांच्या लेखांच्या यादीत आता एकाच घराण्याची दोन आडनावे दिसतात.

धनबादचा शोधछात्र

सर्वांचे लेखन आदराने वाचले, पण मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. आर्ची हे उदाहरण फसवे आहे, कारण आपण ऐंशी वर्षांच्या चाळणीतून टिकलेला एक माणूस उचलतो आणि त्याच्यावरून मोजपट्टीला नावे ठेवतो. त्याच दशकात चार लेख लिहून विस्मृतीत गेलेले शेकडो अभियंते असतील, आणि त्यांच्या बाबतीत ‘लेख कमी, उद्धरणे कमी, म्हणून परिणाम कमी’ हा निष्कर्ष बरोबरच ठरेल. निवड समितीपुढे दोनशे अर्ज आले, तर प्रत्येकाचे सर्व लेख वाचणे कुणालाही शक्य नाही. आकडा नसेल तर ओळख चालेल, आणि ओळखीचा न्याय मला आकड्याच्या न्यायापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

दुसरे असे की आजचे आकडे इतके आंधळे राहिलेले नाहीत. आयोनिडिस आणि सहकाऱ्यांची जी ‘अव्वल २ टक्के’ यादी वर्तमानपत्रांत गाजते, तीत संशोधकाची तुलना त्याच्याच उपशाखेतल्या लोकांशी होते, सहलेखकांच्या संख्येचा विचार होतो आणि स्वतःच स्वतःला दिलेली उद्धरणे धरून व वगळून असे दोन्ही हिशेब दिलेले असतात. पेट्रोलियम ही लहान शाखा आहे आणि तिची तुलना वैद्यकाशी करू नये, हे त्या यादीच्या रचनेतच गृहीत आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आमच्याकडे सध्या ज्या लेखाच्या शीर्षकात मशीन लर्निंग आहे, त्याला उद्धरणे भराभर मिळतात. जुनीच विदा (डेटा), तेच पाच-सहा अल्गोरिदम, आणि शेवटी ‘अचूकता सुधारली’. खडकाचा एकही नवा नमुना कुणी मोजलेला नसतो. कोअरवर एक वर्ष प्रयोग करणाऱ्या माझ्या मित्राचा लेख त्या मानाने कुणाच्या नजरेसही पडत नाही.

गणिती

मी तेलाच्या क्षेत्रातला नाही. संख्यात्मक गणित शिकवतो आणि अगदी उलट टोकाचे उदाहरण ठेवतो. डोनाल्ड पीसमन आणि हेन्री रॅकफर्ड हे हम्बल ऑइल कंपनीतले. तेलसाठ्यातला प्रवाह दोन दिशांनी सोडवायचा तर त्या काळच्या संगणकांना ते गणित झेपत नव्हते. त्यांनी प्रत्येक कालपायरीचे दोन भाग केले. पहिल्या भागात फक्त आडव्या दिशेची समीकरणे एकदम सोडवायची, दुसऱ्या भागात फक्त उभ्या दिशेची. त्यामुळे प्रत्येक वेळी तीन कर्णांचीच सोपी प्रणाली सोडवावी लागते. हा लेख १९५५ मध्ये अमेरिकेतील औद्योगिक व उपयोजित गणित संस्थेच्या नियतकालिकात आला.

आज त्या लेखाला ज्यांची उद्धरणे मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तेलविहीर पाहिलेली नसते. पीसमन–रॅकफर्ड आणि त्यापाठोपाठ १९५६ मध्ये आलेली डग्लस–रॅकफर्ड पद्धत लायन्स आणि मर्सिए यांच्या १९७९ च्या लेखामुळे इष्टतमीकरणाच्या, म्हणजे सर्वांत चांगले उत्तर शोधण्याच्या, सिद्धांतात शिरली, आणि आता प्रतिमा-प्रक्रियेतले लोक ती वापरतात. हा पेट्रोलियम अभियांत्रिकीचा प्रभाव म्हणायचा की गणिताचा? उपशाखेनुसार तुलना करायची असे शोधछात्र म्हणतात. मग ही उद्धरणे कोणत्या खात्यात टाकायची?

खडकवेडा

शोधछात्रांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देणार नाही. टिकलेल्या एका माणसावरून नियम काढता येत नाही, हे मान्यच आहे. पण मी आर्ची यांना ‘कमी आकड्याचे मोठे संशोधक’ म्हणून पुढे केलेले नाही. आजच्या कुठल्याही डेटाबेसमध्ये १९४२ च्या लेखाची उद्धरणे हजारांत आहेत. माझा रोख त्या हजारांमध्ये काय भरले आहे, याकडे आहे.

एक ठळक खूण देतो. आर्ची यांच्या नावाने जे सूत्र बहुतेक लेखांत छापले जाते, त्यात फॉर्मेशन फॅक्टरच्या अंशस्थानी ‘ए’ हा एक स्थिरांक असतो. १९४२ च्या लेखात तो नाही. तो विन्सॉवर आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये आणला. ०.६२ आणि २.१५ हे आकडे असलेले, हम्बल सूत्र म्हणून ओळखले जाणारे समीकरण ते हेच. सच्छिद्रता १०० टक्के केली, म्हणजे खडकच नाही असे धरले, तर फॉर्मेशन फॅक्टर १ यायला हवा. आर्ची यांच्या मूळ रूपात तो येतो, ‘ए’ घातलेल्या रूपात येत नाही. तरीही लेखामागून लेख ‘ए’सकट सूत्र लिहितात आणि खाली आर्ची, १९४२ असा संदर्भ देतात. आणखी एक बारीक गोष्ट अशी की आर्ची यांनी सच्छिद्रतेसाठी थीटा हे चिन्ह वापरले होते, आज सर्वत्र फाय लिहितात. ज्यांनी मूळ नऊ पाने उघडली असतील त्यांना हे माहीत असते. अशा ठिकाणी उद्धरण म्हणजे वाचल्याची साक्ष नव्हे, तो रिवाज झालेला असतो. गणपतीच्या आमंत्रणपत्रिकेवर ‘श्री’ लिहावा तसा.

उलट, ज्यांनी आर्ची यांच्या मर्यादेवर बोट ठेवले, त्यांचे उद्धरण जास्त वजनाचे मानायला हवे. चिकणमातीचा अंश असलेल्या वालुकाश्मात माती स्वतःच वीज वाहते आणि सूत्र पाणी जास्त दाखवते. शेलमधल्याच वॅक्समन आणि स्मिट्स यांनी १९६८ मध्ये मातीची ती वाहकता वेगळी मोजून समीकरणात घातली. मोजणीच्या लेखी मात्र त्यांनी दिलेला संदर्भ आणि ‘ए’ घालून न वाचता दिलेला संदर्भ दोन्ही एकेकच.

जाता जाता, ज्यांनी १४६ वा खंड चाळला नसेल त्यांनी तो एकदा जरूर पाहावा. ५४ व्या पानावर आर्ची, १०७ व्या पानावर वाळूतून तेलाला ढकलणाऱ्या पाण्याचा बकली आणि लेव्हरेट यांचा सिद्धांत, १४० व्या पानावर नैसर्गिक वायूच्या घनतेवरचा स्टँडिंग आणि कॅट्झ यांचा आलेख. एका वर्षीच्या एका खंडातले हे तीन लेख आजही प्रत्येक विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात आहेत. त्या काळी नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी मिळणारी उद्धरणे) पाहून लेख पाठवायची सोय नव्हती. गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स निघायला अजून वीसेक वर्षे होती.

केमिकलवाला

नियतकालिकाचा विषय निघाला म्हणून लिहितो. अल्बर्टा विद्यापीठातील डिंग-यू पेंग आणि डोनाल्ड रॉबिन्सन यांचे अवस्था-समीकरण १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल अँड इंजिनिअरिंग केमिस्ट्री फंडामेंटल्स’मध्ये आले. पृष्ठे ५९ ते ६४, म्हणजे सहाच. दाब आणि तापमान बदलल्यावर तेल आणि वायू कोणत्या प्रमाणात वेगळे होतात हे काढायला जगभरचे प्रोसेस सिम्युलेटर हेच समीकरण वापरतात आणि त्याची उद्धरणे दहा हजारांच्या पुढे आहेत. ते नियतकालिक १९८६ नंतर स्वतंत्रपणे निघतच नाही. नियतकालिकाच्या आजच्या श्रेणीवरून लेखाला गुण द्यायचे ठरवले, तर या लेखाला कोणत्या रकान्यात बसवणार?

आर्ची यांच्याशी तुलना केली तर एक फरक दिसतो. पेंग–रॉबिन्सन वापरणारे लोक लेख लिहिणारे आहेत, विद्यापीठांत आहेत, म्हणून वापर आणि उद्धरण जवळजवळ हातात हात घालून चालतात. आर्ची यांचे समीकरण वापरणारे बहुसंख्य लोक लॉगच्या गाडीत किंवा कंपनीच्या कार्यालयात बसतात.

पनवेलचा निवृत्त

खडकवेडा यांनी वॅक्समन–स्मिट्स काढले म्हणून आपल्याकडचे एक अलीकडचे उदाहरण जोडतो. २००६ मध्ये राष्ट्रीय गॅस हायड्रेट (बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेला वायू) कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजावरून कृष्णा–गोदावरी खोऱ्यात विहिरी घेतल्या गेल्या. दहा क्रमांकाच्या जागी हायड्रेट चिकणमातीतल्या जवळजवळ उभ्या भेगांमध्ये भरलेले निघाले. उभ्या विहिरीत रोधकता मोजून साध्या आर्ची पद्धतीने हायड्रेटचे प्रमाण काढले, तर ते दाब राखून वर आणलेल्या कोअरमध्ये प्रत्यक्ष मोजलेल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त येत होते, कारण सूत्र खडक सगळ्या दिशांनी सारखा आहे असे धरते आणि इथे भेगांमुळे तो तसा नव्हता. या जागेवरच्या लेखांत आर्ची यांचा संदर्भ प्रत्येक ठिकाणी आहे, आणि तो ‘हे सूत्र इथे का चालत नाही’ हे सांगण्यासाठी आहे. एखाद्या लेखाचा परिणाम याहून मोठा काय असू शकतो, मला माहीत नाही.

शोधछात्रांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. आपल्या मित्राने कोअरवरची मोजमापे कोष्टकासह प्रसिद्ध करावीत, नुसता आलेख छापू नये. दहा वर्षांनी कुणाला नवे प्रतिमान तपासायचे असेल तेव्हा ते त्या कोष्टकाकडेच येतील.

धनबादचा शोधछात्र

पनवेलकर काका, मित्राला हे सांगतो. त्याची अडचण अशी की नियतकालिकाच्या परीक्षकाने कोष्टके काढून टाकायला सांगितली आहेत. लेख लांब होतो म्हणून.

गणिती सरांच्या प्रश्नावर माझे उत्तर असे की पीसमन–रॅकफर्डची उद्धरणे दोन्ही खात्यांत टाकावीत आणि अर्जात एका वाक्यात ते सांगावे. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, ज्याला डोरा म्हणतात, नियतकालिकाच्या आकड्याऐवजी प्रत्यक्ष लेखाच्या आशयाकडे पाहा असेच म्हटले आहे. माझ्या अनुभवात मात्र अर्जाच्या नमुन्यात वाक्याला जागा नसते, फक्त आकड्याला रकाना असतो.

ग्रंथालयातून

कोष्टकांसाठी पूरक साहित्य म्हणून स्वतंत्र फाइल जोडता येते, किंवा ती एखाद्या खुल्या विदाभांडारात ठेवून तिचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) लेखात देता येतो. परीक्षकाची हरकत पानांना असते, विदेला नसते. त्या डीओआयलाही स्वतंत्रपणे उद्धृत करता येते, तेव्हा मित्राचे नुकसान होणार नाही. फाइलमध्ये प्रत्येक नमुन्याची खोली, सच्छिद्रता, मोजमापाच्या वेळचे तापमान आणि भरलेल्या पाण्यातील मिठाचे प्रमाण हे चार रकाने न चुकता ठेवायला सांगा. एवढे नसले तर त्यावरून एम पुन्हा काढणे कुणालाही कठीण जाईल.